आमची पिठलं-भाकरी थांबवू नका: अधिष्ठाता महोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता महोदय आणि अभ्यागत मंडळाचे सर्व सदस्य,

विषय: रुग्णालयाच्या आवारातील अन्नवाटप आणि नातेवाइकांचा रात्रीचा मुक्काम यांवरील बंदी मागे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या रुग्णालयाच्या मुख्य गेटवर आणि अपघात विभागाच्या भिंतीवर एक सूचना लागली. बाहेरच्या व्यक्तींनी किंवा संस्थांनी आवारात जेवण, फराळ, कपडे वाटू नयेत. रात्री आठनंतर नातेवाइकांनी व्हरांड्यात, जिन्याखाली किंवा झाडाखाली थांबू नये, थांबल्यास सुरक्षारक्षक बाहेर काढतील. खाली कारणं दिली आहेत: अस्वच्छता, सुरक्षा आणि सणासुदीची गर्दी.

मी तालुक्याच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. सरकारी कागद वाचायची आणि पाळायची मला सवय आहे. हा कागद मात्र मला गप्प राहून मान्य करता येत नाही. २०२४ ची दिवाळी मी याच व्हरांड्यात काढली, आणि तुम्ही जे बंद करायला निघालात त्याच्याच जिवावर आम्ही ते दिवस निभावले.

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. कोणाची बदनामी करायचा हेतू नाही. तुमच्या डॉक्टरांनी माझ्या भावाचा जीव वाचवलाय, ते ऋण आमच्या घरात कोणी विसरणार नाही. पण तो बरा होईपर्यंत त्याच्यामागे धावणारी माणसं उभी राहिली, ती परक्यांनी दिलेल्या घासावर. तेही तुम्हाला सांगणारं कोणीतरी हवं.

माझ्या धाकट्या भावाला सोयाबीन काढताना घोणस चावली. काढणीच्या दिवसांत सोयाबीनच्या ढिगाखाली आणि बांधावरच्या गवतात उंदरांमागे साप येतात, आमच्या भागात दरवर्षी कोणाला ना कोणाला डंख होतोच. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस सुरू करून त्याला १०८ च्या गाडीने तुमच्याकडे पाठवलं. अपघात विभागात एका निवासी डॉक्टर मुलीने काचेच्या नळीत त्याचं रक्त घेऊन वीस मिनिटं बाजूला ठेवलं. ते गोठलं नाही. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही, मग किडन्यांवर उतरतं, हे तिनेच मला नीट समजावून सांगितलं. पुढे लघवी बंद झाली आणि डायलिसिस सुरू झालं. भावजय घरी, पदरात तान्हं लेकरू. आई-वडील थकलेले. म्हणून दवाखान्यात मी थांबले. हाताशी पैसा नव्हता. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर होता, पण आमचं सोयाबीन अर्धं रानातच पडलं होतं, ते विकणार कधी आणि कोण?

त्या वर्षी १ नोव्हेंबरला शुक्रवारी लक्ष्मीपूजन आलं, शनिवारी पाडवा, रविवारी भाऊबीज. कार्यालयं सलग तीन दिवस बंद, आणि त्याच्या आधीपासूनच माणसं रजेवर गेलेली. दहा रुपयांत शिवभोजन थाळी देणारं केंद्र बंद, समोरच्या खाणावळी बंद, झेरॉक्सची दुकानं बंद. जे उघडं होतं ते आम्हाला परवडणारं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मी भावाच्या उशाशी पाणी पिऊन बसले होते. शेजारच्या कॉटवर एक तरुण मुलगा होता, त्याच्या आईला सगळा वॉर्ड खाला म्हणायचा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सात वाजता गेटजवळ जा. मंडईवाले येतात. लाजू नको, मी इथं बघते." मी गेले. भाजी मंडईतले हमाल आणि मापाडी हातगाडीवर पातेली लावून उभे होते. पिठलं, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते, शहरभर फलकच फलक, पण त्या गाडीवर कोणाचं नाव नव्हतं की फोटो. कुठून आलात, कोण आजारी आहे, एवढंच विचारायचे आणि भाकरी हातावर ठेवायचे. दिवसभर पाठीवर पोती वाहणारी माणसं ती. स्वतःच्या मजुरीतून पैसे काढून पीठ आणायची, त्यांच्या बायका घरी भाकरी थापायच्या. हे मला नंतर कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

नरक चतुर्दशीला ते पहाटेच आले. एका टेम्पोत गरम पाण्याचे ड्रम, उटण्याच्या पुड्या, मोती साबणाच्या वड्यांचे अर्धे-अर्धे तुकडे. बायकांसाठी कापडी आडोसा त्यांच्या घरातल्या बायकांनीच बांधला. आम्ही कितीतरी दिवसांनी गरम पाण्याने अंघोळ केली. माझ्या पुढे रांगेत एक म्हातारे आजोबा होते, त्यांची बायको अतिदक्षता विभागात होती. त्यांच्या पाठीला एका हमालाने उटणं लावलं. आजोबा ढसाढसा रडले. महोदय, आवारात वाटप करू नये असं तुमचा कागद म्हणतो, तेव्हा या सगळ्यावर बंदी येते. तो कागद लिहिणाऱ्याने ही पहाट पाहिली असती तर लिहिताना हात अडखळला असता, असं मला मनापासून वाटतं.

आणखी सांगते. भावाला रक्त लागलं तेव्हा रक्तपेढीत त्याच्या गटाचं रक्त शिल्लक नव्हतं. त्यात रक्तपेढीतल्या माणसांचा दोष नव्हता. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. दिवाळीत कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि डेंग्यूचे पेशंट मात्र याच दिवसांत वाढलेले. चहाच्या टपरीवाल्याने मागच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांना फोन लावला. पाडव्याच्या सकाळी ती पोरं नवे कपडे घालून आली, रक्त दिलं आणि घरी जेवायला गेली. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. ज्या रिक्षावाल्याने भावाचे नमुने बाहेरच्या लॅबमध्ये नेऊन दिले, त्याने भाडं घेतलं नाही, "दिवाळी आहे ताई" म्हणाला आणि गेला. वॉर्डातल्या मावशींची सुट्टी होती. बदली माणूस आला नाही म्हणून त्या थांबल्या आणि दुसऱ्या पाळीलाही त्यांनीच फरशी पुसली. दुपारी घरून मुलाने आणलेल्या चकल्या त्यांनी वॉर्डभर वाटल्या.

भाऊबीजेला मला भावाला ओवाळायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, दिवा नको, आत ऑक्सिजन सुरू आहे. मग त्यांनीच ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे धुऊन दिला, स्वतःच्या पर्समधून कुंकू काढलं. सुपारी खालाने दिली, तिच्या पानाच्या डब्यातली. दिव्याशिवाय, अक्षता आणि सुपारीने मी माझ्या भावाला ओवाळलं. खालाचा मुलगा बघत होता. त्यालाही ओवाळलं.

हे सगळं लिहिलं ते कौतुक करून घेण्यासाठी नाही. त्या माणसांना कौतुक नकोच होतं. तुम्ही ज्याला गर्दी म्हणता त्यात कोण असतं, हे तुमच्यासमोर यावं म्हणून लिहिलं. आता माझी तक्रार.

नातेवाइकांनी रात्री आठनंतर थांबू नये, असं तुम्ही म्हणता. मग रात्री दोन वाजता "या पेशंटचे नातेवाईक कोण?" अशी हाक कोणाला मारली जाते? स्ट्रेचर आम्ही ढकलतो. रक्ताचे नमुने आम्ही पोचवतो, रिपोर्ट आम्ही आणतो, रक्तपेढीतून पिशवी आम्ही आणतो, बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी घेऊन मध्यरात्री मेडिकल आम्ही शोधतो. पेशंटला कुशीवर वळवणं, बेडपॅन देणं, भरवणं, सलाइन संपलं की सिस्टरांना सांगणं, सगळं आम्ही करतो. एवढ्या खाटांना पुरे पडेल इतकी माणसं तुमच्याकडे नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. आम्ही त्याबद्दल कधी भांडलो नाही. पण रुग्णालय ज्यांच्या हातांवर चालतं त्यांनाच अतिक्रमण ठरवून बाहेर काढणं हा अन्याय आहे. गावाहून आलेली एकटी बाई रात्री आठनंतर कुठे जाईल याचा विचार ही सूचना काढताना कोणी केला होता का? लॉजचं भाडं जाऊ द्या. एकट्या बाईला खोली देतानाच लॉजवाले वर-खाली बघतात.

सुरक्षेचं कारण मी हलकं मानत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर मुलीवर जे झालं त्यानंतर देशभरातले निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या मागण्या रास्तच होत्या. आमच्या वॉर्डातल्या डॉक्टर पोरी दीड-दीड दिवस ड्युटी करून भिंतीला टेकून डुलकी घेताना मी पाहिल्यात. त्यांच्या अंगावर ओरडणारे, धमकावणारे नातेवाईकही पाहिलेत आणि त्यांचा मला राग आला आहे. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तो वापरा. वॉर्डात एका पेशंटमागे एकच माणूस ठेवा, पास द्या, कॅमेरे लावा, डॉक्टरांच्या खोलीला आतून कडी लावा. या सगळ्याला आमचा पाठिंबा आहे. पण माणूस भडकतो कधी? दोन दिवस झोप नाही, पोटात अन्न नाही, काय चाललंय ते कोणी सांगत नाही, तेव्हा. त्याला जेवण आणि पाठ टेकायला जागा मिळाली तर तुमचे डॉक्टर जास्त सुरक्षित होतील. रात्री गेटबाहेर काढलेला, आत आपल्या माणसाचं काय झालं हे न कळणारा बाप सकाळी कोणत्या मनाने आत येईल?

अस्वच्छतेचंही खरं आहे. जेवणानंतर पत्रावळ्या इकडेतिकडे पडतात, कुत्री येतात, उंदीर होतात. मंडईवाले स्वतःची पातेली आणि आजूबाजूची जागा साफ करून जायचे, सगळेच वाटप करणारे तसं करत नाहीत. काही जण फोटो काढून पुडे टाकून निघून जातात. त्यावर उपाय सोपे आहेत, शेवटी लिहिलेत. पण तुमच्याच बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर हातात खराटा घेतलेल्या गाडगेबाबांचं चित्र आहे आणि सूचनेत स्वच्छतेचा दाखला दिलाय, म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. बाबांनी हातात खराटा घेतला तसाच पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळाही बांधल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरचे उपचार घ्यायला गावोगावाहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, तेही याच कामासाठी. बाबांचं नाव घ्यायचं तर खराट्यासोबत धर्मशाळाही घ्यावी लागेल.

आणि धर्मशाळा तुमच्याकडे आहे! प्रसूती विभागाच्या मागे, पिवळ्या भिंतींची, दारावर "रुग्ण नातेवाईक विश्रामगृह" असं लिहिलेली. आम्ही होतो तेव्हा तिला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर मोडक्या खाटा, गंजलेली कपाटं आणि फाइलींचे गठ्ठे. गेल्या महिन्यात भावाच्या तपासणीसाठी आले तेव्हाही तेच. माणसं झाडाखाली आणि मोडक्या खाटा छपराखाली, ही व्यवस्था कोणत्या नियमात बसते हे अभ्यागत मंडळाने तरी विचारावं. मंडळाच्या सदस्यांनो, तुम्हाला नेमलंय ते आमच्या वतीने विचारण्यासाठीच.

सुट्ट्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या लेखी तो जास्त गंभीर आहे. विषाला आणि किडनीला सुट्टी नसते. त्या तीन दिवसांत डायलिसिस एकाच पाळीत चाललं, कारण तंत्रज्ञ रजेवर. सोनोग्राफी बंद. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा कक्ष बंद, योजनेचे कागद करायला मदत करणारे आरोग्यमित्र नाहीत, त्यामुळे मंजुरीचे कागद अडकले आणि जे योजनेत बसत होतं त्याचे पैसे आम्ही उसने काढून भरले. ते पुढे परत मिळवताना माझ्या किती रजा गेल्या ते इथे नको. कर्मचाऱ्यांनी सण साजरा करू नये असं मी कधीच म्हणणार नाही. मीही नोकरदार आहे. पण कोण कधी सुट्टीवर, त्याच्या जागी कोण आणि अडलं तर कोणाला फोन करायचा, हे आधी ठरवून फळ्यावर लिहिणं एवढं अवघड नाही. ते न ठरवल्यामुळे सगळा भार त्या मावशींसारख्या थांबून राहणाऱ्यांवर पडतो, आणि त्यांना बदली रजासुद्धा मिळत नाही.

यंदा तर ही बंदी आणखी जड जाणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे आलेल्या पुरात माणसांची घरं, धान्य, जनावरं गेली. सोयाबीन रानात कुजलं. अशा घरातला पेशंट घेऊन येणारा माणूस यंदा डब्यात काय बांधून आणणार? दरवर्षी निदान घरची भाकरी-चटणी तरी सोबत असायची.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट लिहिते.

अन्नवाटपावरची बंदी मागे घ्या. त्याऐवजी वाटप करणाऱ्यांची नावनोंदणी करा, एक जागा आणि वेळ ठरवून द्या, हात धुवायला नळ आणि कचऱ्याला पिंपं ठेवा. जागा साफ न करता जाणाऱ्यांची नोंदणी रद्द करा. फलक आणि फोटो नकोत असा नियम केलात तर मंडईवाल्यांना त्याचा काहीच त्रास होणार नाही.

विश्रामगृह वसुबारसेच्या आधी रिकामं करून उघडा. बायकांची झोपायची जागा वेगळी, दाराशी महिला सुरक्षारक्षक, आणि न्हाणीघरात रात्रीही दिवा आणि पाणी. खाटा नसल्या तरी चालेल, सतरंज्या आम्ही आणू. तोवर रात्री कोणालाही गेटबाहेर काढू नका. प्रत्येक पेशंटमागे एका माणसाला रात्रीचा पास द्या. अतिदक्षता विभागाबाहेर थांबणाऱ्यांना ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा, पेशंटची अवस्था कोणीतरी येऊन सांगावी.

दिवाळीच्या दिवसांत डायलिसिस, सोनोग्राफी, औषध भांडार आणि योजनेचा कक्ष रोज सुरू ठेवा, भले कमी वेळ. ड्युटीवरच्या जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन गेटवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. सणात काम करणाऱ्या चतुर्थश्रेणी आणि कंत्राटी माणसांना बदली रजा आणि जादा कामाचा मोबदला द्या.

रक्तदान शिबिर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घ्या. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून ऐन सणात बोलावता येतील अशा रक्तदात्यांची यादीही तयार ठेवा. गणेश मंडळांकडे मागितलीत तर आनंदाने देतील. पहिलं शिबिर आमच्या तालुक्यात ठेवलंत तर माणसं जमवायची जबाबदारी माझी आणि माझ्यासोबतच्या सेविकांची. माझा भाऊ आता रक्त देऊ शकत नाही, पण आमच्या भावकीतली पोरं देतील.

हे पत्र मी अभ्यागत मंडळाच्या सदस्यांना टपालानेही पाठवते आहे. सोबत त्या दिवाळीत आमच्याबरोबर व्हरांड्यात असलेल्या आणि आज संपर्कात असलेल्या कुटुंबांच्या सह्या आहेत. खालाचा अंगठा सगळ्यात वर आहे. धनत्रयोदशीच्या आत लेखी उत्तर मिळावं आणि मंडळाच्या बैठकीत आमच्यातल्या दोघा-तिघांना बोलू द्यावं, ही विनंती. तोवर मंडईवाल्यांना गेटच्या आत येऊ दिलं नाही, तर ते रस्त्यावर उभे राहून वाटतील, तसं त्यांनी आम्हाला कळवलं आहे. आम्हीही त्या संध्याकाळी तिथे भाकरी घेऊन येऊ.

आपली,
एका बऱ्या झालेल्या पेशंटची बहीण